उपवासाच्या ताटातला इतिहास

आषाढी एकादशीच्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या घरचे ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याचा लाडू आणि चवीला हिरवी मिरची. आता यातील एकेका पदार्थाला त्याचे मूळ गाव विचारू या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, रताळे आणि मिरची अमेरिका खंडातील. आपल्याकडे दाण्यासाठी लावला जाणारा राजगिरासुद्धा मूळचा तिकडचाच, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. जुने रहिवासी म्हणायचे तर त्या ताटात भगर, दूध आणि तूप एवढेच उरतात.

उलट ज्वारी, गहू, तांदूळ, तूर ही हजारो वर्षे आपल्या शेतांत पिकणारी धान्ये. ती मात्र त्या दिवशी वर्ज्य असतात. हा काय प्रकार आहे?

हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. सातवी-आठवीतला एखादा मुलगा भूगोलाच्या तासाला विचारतो, ‘सर, बटाटा जर पोर्तुगीजांनी आणला, तर तो उपवासाला कसा चालतो?’ या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, ‘बघ, म्हणूनच उपवास म्हणजे सगळे थोतांड आहे.’ दुसरे उत्तर, ‘बटाटा परदेशी आहे हे खोटे आहे. आपल्या ऋषींना सगळे ठाऊक होते.’ पहिले उत्तर देणारा बाहेर उभा राहून बोलतो, दुसरे देणारा आत उभा राहून. दोघेही एक गोष्ट करत नाहीत. नियम नेमका काय आहे आणि तो पाळणारी माणसे तो कसा समजतात, हे ते विचारत नाहीत. या लेखात ते विचारण्याचा प्रयत्न करू.

पिकांचे मूळ गाव कसे ओळखतात?

एखादे पीक कोठले हे ठरवण्याच्या काही पद्धती आहेत. एक म्हणजे त्याचे रानटी भाऊबंद कोठे उगवतात ते पाहणे. बटाट्याच्या रानटी जाती अमेरिका खंडात, विशेषतः अँडीजच्या परिसरात, मोठ्या संख्येने सापडतात. भारतात त्या नाहीत. दुसरी पद्धत म्हणजे त्या पिकाची विविधता कोठे जास्त आहे ते पाहणे. एकोणिसाव्या शतकात आल्फोन्स द कँडोल याने आणि विसाव्या शतकात रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह याने या मार्गाने बरेच काम केले. तिसरा पुरावा उत्खननाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातील त्या शेतकऱ्यांच्या घरांतून जव, गहू, मसूर अशा धान्यांचे जळके दाणे मिळाले. बटाटा किंवा मिरची अर्थातच मिळाली नाही. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला आणि त्यानंतरच ही पिके जगभर पसरली, यावर आज जवळजवळ सर्वांचे एकमत आहे.

चौथा पुरावा आपल्या तोंडातच असतो, तो म्हणजे शब्द. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून घेतला होता. त्या बेटांवर तो शब्द खरे तर रताळ्याला वापरत. ‘मिरची’ हे नाव आपल्या जुन्या मिरीवरून पडले. तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी होतीच. नवे तिखट आले तेव्हा त्याला मिरीच्या नात्यातले नाव मिळाले. ‘भुईमूग’ म्हणजे भुईतला मूग. पाहुणा नवा, पण नाव ओळखीच्या मुगावरून दिलेले. सीताफळाचे उदाहरण तर सर्वांत गमतीचे आहे. हे झाडही उष्ण अमेरिकेतले आहे असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे मात्र ते असे रुळले, की त्याला सीतेचे नाव मिळाले आणि त्याच्या चुलतभावाला रामाचे. बाहेरून आलेल्या वस्तूला घरचे नाव देणे हा तिला घरात घेण्याचा पहिला विधी असतो.

साबुदाण्याचा प्रवास

साबुदाण्याची कथा थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण त्यात एका पदार्थाच्या जागी दुसरा कसा बेमालूम येऊन बसला ते दिसते. ‘साबु’ हा शब्द मलाय भाषेतील ‘सागू’वरून आला. आग्नेय आशियातील बेटांवर सागू नावाचा माड असतो. त्याच्या खोडाच्या गाभ्यात पिष्ट साठलेले असते. ते धुऊन काढून त्याचे दाणे करत. हाच मूळचा साबुदाणा आणि तो आपल्याकडे मलाया-सिंगापूरकडून येत असे.

कसावा हा कंद वेगळाच. तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांबरोबर तो सतराव्या शतकात केरळात आला. त्रावणकोर संस्थानचे राजे विशाखम् तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी त्याच्या लागवडीला विशेष उत्तेजन दिले. भाताची टंचाई असलेल्या भागात गरिबांचे पोट भरणारे पीक म्हणून ते वाढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून येणारा माल बंद झाला. त्या काळात, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतील सेलम भागात कसाव्याच्या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला. आज आपण खातो तो साबुदाणा याच कुळातला. सेलमच्या उत्पादकांची मोठी सहकारी संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली.

म्हणजे वस्तू बदलली, तिचे मूळ खंड बदलले, ती करण्याची रीतही बदलली. नाव राहिले आणि त्या नावाबरोबर ‘उपवासाला चालते’ ही मान्यताही राहिली. घरातल्या बाईच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. दुकानातून पांढरे दाणे पूर्वीही येत होते, तसेच पुढेही आले.

मग आतला नियम कोणता?

या पदार्थांना प्रवेश कसा मिळाला हे समजायचे तर व्रतांच्या जुन्या नियमांकडे जावे लागते. आपल्या मराठवाड्याचा यात मोठा वाटा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातील एक मोठा भाग व्रतांनाच वाहिलेला आहे. याच हेमाद्रीच्या नावाने आपण यादवकालीन बांधणीला ‘हेमाडपंती’ म्हणतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर पाहताना हे नाव सर्वांच्या तोंडी असते. विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांसंबंधीचे हे सारे साहित्य तपासले. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघालेल्या त्या ग्रंथात व्रतांची लांबलचक यादीच आहे.

या साहित्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकादशीचा मूळ आदर्श काहीही न खाण्याचा आहे. पण सर्वांना ते झेपत नाही, म्हणून सवलती आल्या. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असा एक जुना दंडक आहे. महाभारतात तो येतो आणि पुढचे निबंधकार त्याचा वारंवार आधार घेतात. एकादशीला पाप अन्नात, म्हणजे धान्यात, वस्तीला येते अशीही एक पुराणकथा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की नियम दिसू लागतो. धान्य नको, मुळे, फळे आणि दूध चालेल.

मराठी घरांत या नियमाचे एक वेगळे, अतिशय बोलके रूप ऋषिपंचमीला दिसते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. परसात हाताने लावलेली भाजी, कंद, रानात आपोआप उगवलेले धान्य तेवढे चालते. नांगरून पिकवलेले एका बाजूला आणि न नांगरता उगवलेले दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. अरण्यात राहणाऱ्या तपस्व्याच्या आहाराची एका दिवसापुरती केलेली ती उजळणी आहे, असे म्हणता येईल. (ऋषिपंचमीची जी कहाणी सांगतात ती मासिक पाळीच्या विटाळाची आहे. ते मत आज कोणत्याही शिक्षकाने मुलींसमोर उचलून धरू नये. आहाराचा नियम आणि त्याला जोडलेली कहाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

आता बटाट्याकडे पुन्हा पाहा. तो जमिनीखाली वाढतो, म्हणून तो ‘मूळ’. वनस्पतिशास्त्र म्हणेल की बटाटा हे मूळ नाही, ते फुगलेले खोड आहे आणि त्यावरचे डोळे म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा. ते बरोबरच आहे. पण नियम वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नाही. तो स्वयंपाकघरातील आणि शेतातील वर्गवारीतून आला आहे. त्या वर्गवारीत ‘जमिनीखालचे, धान्य नसलेले’ असा एक कप्पा होता. बटाटा आला आणि त्या कप्प्यात जाऊन बसला. रताळे तर आणखी सहज बसले. त्याचे नाव संस्कृत ‘रक्तालु’पासून आले आणि आलू म्हणजे कंद. ते नाव आधी एखाद्या तांबड्या कोनाचे असावे. नियमाने वस्तूचा देश कधी विचारलाच नव्हता, तिचा प्रकार विचारला होता.

याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. हळद पूर्णपणे आपल्याकडची. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी याच जिल्ह्यातील अनेक घरांत एकादशीच्या बटाट्याच्या भाजीत हळद पडत नाही. ब्राझीलचा साबुदाणा आत आणि वसमतची हळद बाहेर! स्वदेशी-परदेशी हा निकष लावला तर याची संगती लागत नाही.

वर्गवारी म्हटली की तिच्या सीमेवर गोंधळ असणारच. भगर पाहा. वरी हे गवताच्या कुळातील तृणधान्य आहे, तांदळाची चुलत बहीणच. पण ते उपवासाला चालते. भुईमूग हा तुरीच्या कुळातला, म्हणजे शेंगवर्गीय. तूर चालत नाही, शेंगदाणा चालतो. उत्तर भारतात समुद्राचे मीठ टाळून सैंधव वापरतात, आपल्याकडे बहुतेक घरांत साधे मीठ चालते. एका घरात कोथिंबीर चालते, शेजारच्या घरात नाही. एखादी आजी म्हणेल, ‘आमच्यात चालत नाही बाई.’ हे ‘आमच्यात’ फार महत्त्वाचे आहे. नियमाचा अंतिम अधिकार ग्रंथापेक्षा घराच्या रिवाजाकडे असतो.

आतून पाहणे आणि बाहेरून पाहणे

एकाच गोष्टीकडे आतून आणि बाहेरून पाहण्यातील हा फरक भाषाशास्त्रात नीट मांडला गेला आहे. एक सोपे उदाहरण घेऊ. इंग्रजीतील ‘पिन’ आणि ‘स्पिन’ या शब्दांतील ‘प’ नीट ऐका. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणताना हवेचा एक झोत सोडतो आणि आपल्याला तो किंचित ‘फ’सारखा ऐकू येतो. ‘स्पिन’मध्ये तो झोत नसतो. यंत्रावर नोंद घेतली तर हे दोन आवाज वेगळे दिसतात. पण इंग्रज माणसाला विचारा, तो म्हणेल की दोन्ही एकच आहेत. त्याच्या भाषेत या फरकाने अर्थ बदलत नाही. मराठीत मात्र ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणजे यंत्र जे फरक मोजते आणि बोलणाऱ्याला जे फरक जाणवतात ते एकच नसतात.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक याने १९५४ मध्ये या दोन दृष्टींना ‘एमिक’ आणि ‘एटिक’ अशी नावे दिली. आपण त्यांना आतली दृष्टी आणि बाहेरची दृष्टी म्हणू. दोन्ही खऱ्या असतात. यंत्राची नोंद खोटी नाही आणि बोलणाऱ्याचा कानही खोटा नाही. ‘बटाटा अँडीजमधला आहे’ हे बाहेरचे सत्य आहे. ‘बटाटा कंदमुळांत मोडतो’ हे आतले सत्य आहे. पहिल्याने दुसरे खोटे पडत नाही. मात्र आतला माणूस ‘बटाटा वेदकाळापासून आहे’ असे म्हणू लागला, की तो बाहेरच्या दृष्टीच्या प्रांतात शिरतो आणि तेथे त्याला पुरावा द्यावाच लागतो. बाहेरचा माणूस ‘हे लोक विचार न करता काहीही खातात’ असे म्हणाला, तर तो आतल्या दृष्टीच्या प्रांतात शिरलेला असतो. मग त्याने आधी तेथले व्याकरण शिकले पाहिजे.

बाहेरचे साक्षीदार

आपल्या खाण्यापिण्याबद्दल बाहेरच्या लोकांनी शेकडो वर्षे लिहून ठेवले आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान भारतात आला. मध्यदेशातील लोक प्राणी मारत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत, चांडाळ तेवढे याला अपवाद, असे तो लिहितो. हे वाचून सारा देश शाकाहारी होता असा निष्कर्ष काढायचा का? फाहियान बौद्ध यात्रेकरू होता. तो विहारांत उतरत होता, भिक्षूंशी आणि त्यांच्या आश्रयदात्यांशी बोलत होता. जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले असेल. पण त्याच्या पायवाटा ठरावीक होत्या. बाहेरून पाहणाराही कोठेतरी उभा असतो आणि तेथून जे दिसते तेच लिहितो.

अल्बेरुनीची गोष्ट निराळी. तो गझनीच्या महमूदाच्या काळातला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी हा देश कसा उद्ध्वस्त केला हेही त्याने लिहिले आहे. तो संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला आणि १०३० च्या सुमारास त्याने भारतावरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात उपवासांवर आणि खाद्याखाद्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. हिंदूंचे उपवास सक्तीचे नसून ऐच्छिक आहेत, हा त्याच्या धर्मातील रोजांहून असलेला फरक त्याने अचूक टिपला. गोमांस वर्ज्य का, असे त्याने विचारले तेव्हा त्याला एकच उत्तर मिळाले नाही. कोणी म्हणाले पूर्वी चालत होते, कोणी उष्ण हवामानात ते पचत नाही असे सांगितले. त्याने ही उत्तरे नोंदवली आणि नंतर स्वतःचे मत दिले. गाय-बैल ओझे वाहतात, नांगर ओढतात, दूध देतात, म्हणून आर्थिक कारणाने ही बंदी आली असावी, असे त्याला वाटले.

साधारण हाच तर्क अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस याने १९६६ मध्ये नव्या आकडेवारीसह मांडला आणि तो जगभर गाजला. गाईचे पावित्र्य हे शेतीच्या गरजेतून आले, असे त्याचे म्हणणे. त्याला उत्तर देणाऱ्यांत आपले पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते. हॅरिसचे गणित बसत नाही, असे त्यांनी १९६९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील लेखात दाखवण्याचा प्रयत्न केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दांडेकर या देशातले असूनही त्यांनी श्रद्धेचा आधार घेतला नाही. त्यांनी आकड्यांना आकड्यांनी उत्तर दिले. वाद कोणत्या प्रांतातला आहे हे ओळखून त्याच प्रांताची हत्यारे वापरणे यालाच शिस्त म्हणतात.

‘आतले’ एकच असतात का?

‘हिंदूंचा आहार’ असे आपण एकवचनी बोलतो तेव्हाही एक चूक होत असते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत देशातील १५ वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांसाहार करणारे आढळले. महाराष्ट्रात शाकाहारी सुमारे ४० टक्के होते. हे आकडे सर्व धर्मांचे मिळून आहेत; पण हिंदू बहुसंख्य असलेल्या देशात ते पुरेसे बोलके आहेत. एकाच गावात तुळशीची माळ घातलेला वारकरी असतो, यात्रेत बोकड कापणारे घर असते आणि दोघेही स्वतःला तितकेच धार्मिक समजतात.

मराठवाड्यातील मांग आणि महार समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. दुष्काळात काय खाल्ले, मेलेल्या जनावराचे मांस कसे वाळवून ठेवले, याची ती आतून केलेली नोंद आहे. आपल्याकडची बहुतेक पाककृतींची पुस्तके हे अन्न ओळखतच नाहीत. तेव्हा ‘आतला’ म्हणून जो बोलतो तो सर्व आतल्यांच्या वतीने बोलतो का, हे विचारले पाहिजे.

आतले लोक आपल्या नियमांची चिकित्साही करत असतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा परदेशी टीकाकाराने केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० किलोकॅलरी आणि प्रथिने नावापुरती. त्यात दाण्याचे कूट आणि तूप घातले की उपवास रोजच्या भाकरीपेक्षा जड होतो. हे म्हणीला पोषणशास्त्राच्या आधी कळले होते.

हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. नामदेवांविषयी एक कथा उत्तर भारतातील भक्तमाळेच्या परंपरेत सांगितली जाते. एकादशीच्या दिवशी देव भुकेल्या ब्राह्मणाच्या रूपाने येतो आणि अन्न मागतो. आज एकादशी, अन्न मिळणार नाही, असे नामदेव सांगतात. ब्राह्मण हट्ट सोडत नाही आणि शेवटी भुकेने प्राण सोडतो. लोक नामदेवांना दोष देतात. नामदेव त्या देहाबरोबर चितेवर चढतात, तेव्हा देव हसून प्रकट होतो. या कथेत व्रताची निष्ठा गौरवली आहे, हे खरे. पण भुकेल्या माणसापुढे नियम किती ताणायचा, हा प्रश्नही तिनेच उभा केला आहे. परंपरा स्वतःशी असा वाद घालत असते.

जेथे बाहेरची दृष्टी हवीच

मग आतल्या माणसाला जे वाटते ते सगळे मान्य करायचे का? नाही. दोन उदाहरणे पाहू.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मिशनमधला चहा आणि घरचा चहा यांत काहीच फरक नव्हता. दोष पदार्थात नव्हता, देणाऱ्या हातात मानला होता.

मिशनच्या चहाचे हे प्रकरण आज विनोदी वाटते. पण तोच नियम पाण्याला लागला तेव्हा तो अमानुष झाला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्यायले, तेव्हा तळे बाटले असे म्हणून त्याची ‘शुद्धी’ केली गेली. त्याच तळ्यावर गुरे पाणी पीत होती. येथे ‘आतल्यांची अशी समजूत आहे’ एवढे म्हणून थांबता येत नाही, कारण ज्यांना त्या समजुतीचा जाच होत होता तेही त्याच गावातले होते. बटाटा चालतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. कोणाच्या हातचे चालते आणि पंगतीत कोण कोठे बसतो, हा सर्वांचा प्रश्न आहे. शाळेतील पोषण आहाराची पंगत हे तो प्रश्न रोज सोडवण्याचे ठिकाण आहे.

दुसरे उदाहरण अगदी जवळचे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशी होती. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील जेवणानंतर दोन हजारांवर लोकांना विषबाधा झाली. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात पुनःपुन्हा येतात. भगर ओलसर हवेत साठवली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस गटातील बुरशी वाढू शकते आणि ती विषारी द्रव्ये तयार करते, असा इशारा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. अशी अनेक द्रव्ये शिजवण्याने पुरती नष्ट होत नाहीत. म्हणून तारीख छापलेली बंद पाकिटातील भगर घ्यावी. सुटे पीठ आणू नये. भगर निवडून, धुऊन वापरावी. ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात थोडीच ठेवावी. शिजवलेली भगर तासन्‌तास ठेवून खाऊ नये.

बुरशीला एकादशी कळत नाही. येथे बाहेरचेच ज्ञान उपयोगी पडते. पण ते पोचवायचे कसे? ‘उपवास सोडा’ म्हणणाऱ्याचे घरात कोणी ऐकत नाही. ‘उपवासाची भगर अशी घ्या’ म्हणणाऱ्याचे ऐकतात. व्रताच्या जुन्या दंडकात औषधाने व्रत मोडत नाही असे म्हटलेच आहे. म्हणजे देहाची काळजी घेण्याला आतूनही आधार आहे. मधुमेही आजोबांना गोळी आणि वेळेवर खाणे चुकवू नका, हे सांगताना हा आधार शिक्षकांना आणि मुलांना वापरता येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी ‘उपवासाला चालते’ आणि ‘चालत नाही’ अशा दोन याद्या कराव्यात. ज्या घरांत एकादशी नसते तेथे रमजानचे रोजे, वर्षावासातील उपोसथ किंवा आणखी कोणता आहारनियम असेल तो नोंदवावा. कोणताच नसेल तर तेही लिहावे. ही माहिती ऐच्छिक असावी आणि कोणाच्या ताटाला हसू नये, हे आधीच ठरवून घ्यावे.

२. सर्व याद्या फळ्यावर एकत्र मांडाव्यात. किती घरांत कोथिंबीर, किती घरांत हळद? एकाच गावात किती मते निघतात ते मोजावे.

३. प्रत्येक पदार्थापुढे तीन रकाने करावेत : वनस्पतीचे कुळ, मूळ प्रदेश, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले कारण. पहिले दोन रकाने पुस्तकातून भरावेत, तिसरा आजी-आजोबांना विचारून, त्यांच्याच शब्दांत.

४. जगाच्या नकाशावर या पदार्थांचे मार्ग काढावेत.

तिसरा रकाना भरताना मुलांना एक सूचना जरूर द्यावी. कारण ऐकून घ्यायचे, लिहून घ्यायचे. लगेच दुरुस्त करायचे नाही. पहिले दोन रकाने भरताना मात्र कोणाच्या भावनेसाठी उत्तर बदलायचे नाही. या दोन सवयी एकाच तक्त्यावर शिकता आल्या, तर बटाट्याविषयीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मुलगा स्वतःच देईल.